बैलबाजारातला शब्द

मी बारामतीच्या कोर्टात कारकून होतो. बैलबाजारातला एक दलाल भेटला की बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात तशी माझी बोटं दाबत म्हणायचा, “रावसाहेब, तुमचं सरकार, कोर्ट सगळं उठलं तरी बाजार भरंलच. शब्द मोडणाऱ्याकडं गिऱ्हाईक फिरकत न्हाय, त्येवढा धाक बास हाय.” मी हसून सोडून द्यायचो.

एकदा त्याच्या शब्दावर घेतलेला बैल लंगडा निघाला. इंदापूरकडचा शेतकरी तो बैल घेऊन फिर्याद करायला कोर्टाच्या दारात आला. कळताच दलाल आपला लाडका खिलार बैल घेऊन धावत आला. कासरा शेतकऱ्याच्या हातात देत म्हणाला, “शब्द माझा हुता. ह्यो न्या, लंगडा ऱ्हाऊ द्या माझ्याकडं.”

फिर्याद झालीच नाही. शेतकरी खिलार घेऊन निघाला, तेव्हा दलाल पाठ फिरवून उभा राहिला. जरा वेळानं त्यानं हळूच विचारलं, “मागं वळून बघितलं का हो बैलानं?”