पहिलीच्या बाईंचे कान

आमच्या शाळेत बायकांना नावं नव्हती, इयत्ता होत्या. ती पहिली, मी दुसरी. मुख्याध्यापिका मदर शिक्षकांच्या खोलीत डोकावून विचारायच्या, "पहिली आली का? दुसरी कुठंय?" दारात एखादा नवा पालक उभा असला की त्याला प्रश्न पडायचा, ही चर्चची शाळा आहे की कुणाचा संसार. पहिली म्हणायची, "संसारच आहे, नवरा तेवढा दिसत नाही." हे ती फादरांच्या देखतही बोलायची. फादर हसायचे, मदर हसायच्या नाहीत.

तिचे वडील चर्चची घंटा वाजवायचे. बाकं पुसायची, मेणबत्त्या लावायच्या, दारं उघडायची, बंद करायची, हे त्यांचं काम. चर्चच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यात ती वाढली. आई लवकर गेली. धाकट्या भावाला हिनंच न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, शिलाईचं दुकान काढून दिलं, लग्न लावून दिलं. हे सगळं उरकेपर्यंत तिचं स्वतःचं वय निघून गेलं होतं. शाळेच्या ज्या खोलीत ती पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकली, त्याच खोलीत पुढं ती शिकवायला उभी राहिली. दुसऱ्या कुठल्या वर्गावर जायची तिला कधी इच्छाच झाली नाही. मदरनी एकदा चौथी देऊ केली, तर म्हणाली, "चौथीला वाचता येतं. मग मी काय करू तिथं?"

आणि शिकवायची कशी? कानानं. पोरांना डोळे मिटायला लावायची आणि म्हणायची, ऐका, 'श' वेगळा आणि 'स' वेगळा. फळ्याकडे तोंड करून लिहीत असली तरी मागच्या बाकावरच्या कुणी अनुस्वार गिळला तर न वळता म्हणायची, "बाहेर काढ तो." माझ्या वर्गात पोरं यायची ती खणखणीत वाचत. मला फुकटचं श्रेय मिळायचं आणि मी ते घ्यायचे.

म्हणूनच मला राग येतो. देवाला तिचं काही न्यायचंच होतं तर गुडघे न्यायचे, दात न्यायचे. गुडघ्यांनी तिनं कुणाला शिकवलं नव्हतं.

सुरुवात 'आमेन'पासून झाली. सकाळची प्रार्थना पटांगणात व्हायची. सगळी शाळा एकदम 'आमेन' म्हणायची, आणि सगळं शांत झाल्यावर तिचा एकटीचा 'आमेन' यायचा. पोरं खिदळायची. मी म्हटलं, "देवानं तुझी प्रार्थना वेगळी ऐकावी म्हणून करतेस का हे?" तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून ती प्रार्थनेत डोळे मिटेनाशी झाली. फादरांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. पाहणाऱ्याला वाटावं, केवढी ही भक्ती!

तिच्या वडिलांनाही म्हातारपणी ऐकू येत नव्हतं. लोक म्हणायचे, घंटेमुळं. ती म्हणायची, "घंटा त्यांनी वाजवली, बहिरी मी झाले. वडिलोपार्जित इस्टेट म्हणतात ती हीच." डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते घालून ती वर्गात गेली आणि मधल्या सुट्टीत पांढरीफटक होऊन बाहेर आली. बाकं सरकल्याचा आवाज, पाट्या आपटल्याचा आवाज, सगळं डोक्यात घुसत होतं. पोरांचे शब्द तेवढे येत नव्हते. डॉक्टर म्हणाले, नसच सुकत चालली आहे, याच्यापुढं इलाज नाही. यंत्र तिनं डबीत घालून ठेवलं. "भिंतीलाही कान असतात म्हणतात," मला म्हणाली, "तेच दोन उतरवून आण माझ्यासाठी."

घरी भाऊ आधी ओरडून बोलायचा. मग ओरडायचा कंटाळा आला. मग खुणा सुरू झाल्या. हात तोंडाकडे नेला म्हणजे जेव. बोट दाराकडे केलं म्हणजे कडी लाव. भावजय वाईट नव्हती, पण तीही सबंध दिवसात चार खुणांवर भागवायची. पहिली मला म्हणाली होती, "घरात मी गाय झालेय गं. शाळेत तेवढी माणूस असते. पोरं बोलतात माझ्याशी."

एवढंच होतं तिचं. पहिलीचा वर्ग गेला असता तर जगात तिच्याशी बोलणारं कुणी उरलं नसतं. मला धरलं तरी एकच, आणि मी काही दिवसभर तिच्यासमोर बसणार नव्हते.

तेव्हा ती ओठ वाचायला शिकली. कुणी शिकवलं नाही, आपली आपणच. पोरांना सांगितलं, माझ्याकडे तोंड करून, तोंड पूर्ण उघडून बोलायचं. पोरांना खेळच मिळाला. वर्षभरात ती इतकी तयार झाली की मदरना कानोकान खबर लागली नाही. अडायचं ते एकाच ठिकाणी. "प, फ, ब, भ, म," ती बोटं मोडत म्हणायची. "पाचही ओठांवर एकच दिसतात. पात, भात, मात, सगळं सारखं. पवर्ग माझा वैरी आहे." मी म्हणायचे, उरलेले वर्ग तर मित्र आहेत ना, मग झालं. त्या वर्षांत तिच्याकडून वर येणारी पोरं ओठ मोठे सुरेख हलवायची, आवाज मात्र पोटातल्या पोटात. मी खेकसायचे, "जेवला नाहीत का रे?" वाटायचं, हल्लीची पोरंच मिळमिळीत.

मग ते दुपारचं झालं. तिच्या वर्गात दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिचे वडील त्याच वर्षी वारले होते. सगळ्या शाळेनं प्रार्थना केली होती, पहिलीनं तर त्या पोरीला मांडीवर घेऊन केली होती. त्या दुपारी शिपाई दारात आला आणि म्हणाला, "हिचे मामा आलेत न्यायला." म्हणाला आणि गेला. पहिलीनं ओठ पाहिले. शिपायाचं पुटपुटणं तिला एरवी कधी समजायचं नाही, आणि आज अख्खं वाक्य समजलं, त्या आनंदात पुढचा विचार झालाच नाही. वळून म्हणाली, "अगं, बाबा आलेत तुझे! पळ पळ!"

पोर दप्तर टाकून पळाली. मी माझ्या खिडकीतून बघत होते, मला काहीच माहीत नव्हतं, मी म्हटलं, काय ही घाई. फाटकाशी तिचा मामा उभा होता. ती त्याच्यापर्यंत गेली, मग त्याच्या मागे बघितलं, मग रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई मदरकडे येऊन बसली. ओरडली वगैरे नाही. ती गेल्यावर मदरनी मला बोलावलं.

"दुसरी, खरं सांगा. तिला ऐकू येतं का?"

"येतं तेवढं येतं."

"मला शब्दांत पकडू नका. उद्या मी वर्गावर येते, तुम्हीही चला. तिचीच मुलं पुढं तुमच्याकडे येतात. मुलं वाचतील. तिला ऐकू आलं तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाही आलं तर पहिली तिच्याकडे ठेवता येणार नाही. त्या आईला मी काय तोंड दाखवू?"

मदर चुकीचं बोलत नव्हत्या, हेच जास्त लागलं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

मी पहिलीला सांगितलं. तिनं ऐकून, म्हणजे बघून, घेतलं आणि कामाला लागली. मदरची खुर्ची खिडकीसमोर मांडली, उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडेल अशी. स्वतः भिंतीला पाठ लावून उभी राहिली, सगळा वर्ग आणि मदर एका नजरेत येतील अशी. "पोरांची चिंता नाही," म्हणाली, "माझी पोरं स्पष्ट वाचतात."

मदर आल्या, बसल्या. हा तक्ता कुणी केला, विचारलं. तिनं उत्तर दिलं. पट किती, विचारलं. तिनं सांगितलं, आणि आज दोघं तापानं आलेली नाहीत हेही सांगितलं. मदरचा चेहरा सैल पडत चालला. मला वाटलं, जमलं. तिनं एकदा माझ्याकडे बघून भुवई उडवली, शाळकरी पोरीसारखी.

"त्या मुलीला वाचू द्या," मदर म्हणाल्या. दोन वेण्यांची उठली. बाईंवर तिचा राग नव्हता, सहा वर्षांच्या पोरीला राग धरून ठेवता येत नाही. तिनं पुस्तक छातीशी धरलं, बाईंकडे तोंड केलं आणि वाचायला लागली. घर बघ. नळ बघ. नळावर बदक बघ. ओठ गोल होत होते, मिटत होते, उघडत होते, एकेक अक्षर सुटं, पूर्ण. बोटही ओळीखालून बरोबर सरकत होतं.

आवाज नव्हता.

कुजबुजही नव्हती. शेजारच्या वर्गातला पाढा ऐकू येत होता, बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचं ऐकू आलं. पोर मन लावून सबंध धडा वाचत होती आणि तिच्या तोंडातून काहीही येत नव्हतं. बाकीच्या पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ती पुस्तकात बोट ठेवून तिच्याबरोबर सरकत होती.

"शाब्बास!" पहिली म्हणाली. "एक चूक नाही. आणि आज तर किती मोठ्यानं वाचलंस!"

मदरनी खाली बघितलं. मग उठल्या आणि माझ्या खांद्याला हात लावून बाहेर गेल्या. व्हरांड्यात म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तुमचं तिला समजतं." कडू बोलायची वेळ आली की देवाची माणसंही असा काढता पाय घेतात. उद्यापासून तिनं शिवणकामाच्या खोलीत बसायचं होतं.

पाणी प्यायला निघालेल्या एका पोराला मी धरलं. "आवाज का नाही रे काढत तुम्ही वाचताना?"

ते म्हणालं, "बाईंना असंच समजतं." थोडा विचार करून म्हणालं, "ओरडलं तरी तेवढंच समजतं."

शाळा सुटल्यावर मी तिच्या वर्गात गेले. ती फळा पुसत होती. "बघितलंस ना?" म्हणाली. "मदर काही बोलल्याच नाहीत. बोलायला जागाच ठेवली नाही पोरीनं."

मी तिला बाकावर बसवलं, समोर बसले आणि सांगितलं. शिवणाची खोली आधी सांगितली, मग कारण. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एकदा "काय?" म्हणाली, तेव्हा परत सांगितलं.

"सगळी पोरं?"

"सगळी."

"कधीपासून?"

"त्यांनाही आठवत नाही."

तिनं हातातला डस्टर उलटासुलटा केला. म्हणाली, "घरी बोलत नाहीत ते कळतं गं मला. ते तोंडच उघडत नाहीत. पण ही तोंड उघडत होती." मला वाटलं आता रडेल, म्हणजे बरं होईल. ती रडली नाही. तिनं मान वर करून माझ्या ओठांकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्या बघण्यात मला संशय दिसला.

"आणि तू?"

"मी काय?"

"तू आवाज काढून बोलतेस ना माझ्याशी?"

"अगं, ओरडतेय मी मघापासून!" खरंच ओरडत होते. झाडूवाली दारात येऊन बघून गेली. पण पहिलीची पाठ दाराकडे होती.

तिनं हात पुढं केला आणि खडूनं भरलेला तळवा माझ्या गळ्यावर टेकवला. "बोल," म्हणाली.

काहीही बोलले असते तरी चाललं असतं. तिचं नाव घेतलं असतं, पाढा म्हटला असता. मी तोंड उघडलं. घसा असा दाटून आला होता की ओठ हलले आणि त्यातून काही फुटलंच नाही. मी परत प्रयत्न केला. ती तळव्याकडे लक्ष देऊन थांबली होती, पूर्वी मागच्या बाकाकडे द्यायची तसं.

मग तिनं हात काढून घेतला.

"तू पण," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.