अक्का, फाउल!

लग्न होऊन पुण्याहून बेंगळुरात आले तेव्हा मला पुरणपोळी येत नव्हती, पण रिंग टेनिस झकास येत होतं. सासरी सांगायची सोय नव्हती. पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी फडताळातून एक रबरी रिंग काढली आणि "झेल बघू" म्हणत माझ्या अंगावर फेकली. मी ती एका हातानं झेलली आणि त्याच हातानं उलट फेकली. त्यांचा चेहरा असा खुलला की पुरणपोळीचा विषय पुन्हा कधी निघालाच नाही.

साठच्या दशकाची ती सुरुवात. बेंगळुरातलं आमचं जयनगर नुकतंच वसत होतं. दर दोन घरांमागे एक रिकामी साइट, म्हणजे प्लॉट, तिच्यात लाल माती आणि रचून ठेवलेले दगड. आमच्या घरासमोरची साइट गल्लीतल्या बायकांनी साफ करून घेतली होती आणि तिथं जाळी बांधून दरवर्षी सामने व्हायचे. सासूबाई मूळच्या धारवाडच्या. पंचेचाळिशीच्या, नऊवारी नेसून, पदर कमरेला खोचून खेळायच्या. आणि काय खेळायच्या! मी जाळीपलीकडून नुसती बघत राहायची.

आदल्या वर्षीचं रामायण मला सगळ्या गल्लीनं सांगितलं. अंपायर म्हणून मुलांच्या शाळेतले एक ड्रिल मास्तर आणले होते. त्यांना दोनच गोष्टी येत, शिट्टी मारणं आणि खेकसणं. चार मुलांची आई असलेल्या बाईलाही "ए, ई कडे बा", म्हणजे "ए, इकडे ये". कुणाचा पाय रेषेवर पडला की "डोळे फुटले का?" सासूबाईंनी ऐकून घेतलं, मग रिंग काखोटीला मारली आणि सरळ घरी निघून आल्या. रिंग एकच होती. सामने तिथंच आटोपले. "खेळाडूला मानानं हाक मारणार असाल तर रिंग मिळेल," असा निरोप त्यांनी सामन्यांच्या कमिटीला पाठवला.

म्हणून यंदा बाई अंपायर हवी असं ठरलं. पण बायका तर सगळ्या खेळायला आसुसलेल्या! नियम पाठ असलेली आणि कुणाशी अजून वैर नसलेली अशी मी नवी सून कमिटीच्या हाती लागले. मला एकच अट घातली: लहान असो की मोठी, कन्नड असो की मराठी, प्रत्येकीला 'अक्का' म्हणायचं. फाउल द्यायचा तोही 'अक्का' म्हणूनच. गळ्यात शिट्टी अडकवून स्टुलावर चढले तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

सामने भराभर झाले आणि अंतिम सामन्यात कोण आलं? एका बाजूला समोरच्या घरातल्या कन्नड शिक्षिका, उंच, शिडशिडीत, विजेसारख्या चपळ. दुसऱ्या बाजूला आमच्या सासूबाई. सगळी गल्ली लोटली होती. सासरे खुर्ची टाकून बसले होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी बायकोचा खेळ बघायला ते पहिल्यांदाच आले होते. सकाळपासून सासूबाई घरात गुणगुणत होत्या. देव्हाऱ्यासमोर जरा जास्तच वेळ बसल्या. त्यांना हा सामना किती हवा होता ते मला दिसत होतं.

आणि मी पहिल्याच चेंडूला, म्हणजे रिंगेला, माती खाल्ली. सवयीनं म्हणाले, "आई, सर्व्हिस तुमची."

शिक्षिकाबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "अवरु आई, नानु अक्कना? त्या आई आणि मी अक्का काय? मग निकाल आत्ताच सांगून टाका की अंपायर!"

गल्ली खदखदून हसली. सासूबाईंनी मात्र जाळीजवळ येऊन सांगितलं, "सरी, बरोबर आहे त्यांचं. इथं मी कुणाची आई नाही."

सांगणं सोपं हो! सासूला अक्का म्हणायचं? आमच्या पुण्याच्या घरात कुणी ऐकलं असतं तर मला माहेरी परत बोलावून घेतलं असतं. पहिल्यांदा "अक्का, सर्व्हिस" म्हणताना माझा आवाज फाटला. दहा-बारा पॉइंट होईपर्यंत मात्र जीभ सैल झाली, कारण खेळच तसा रंगला. रिंग नुसती सूं सूं करत जात होती. शिक्षिकाबाई कोपरा धरून फेकत, सासूबाई लोळण घ्यायच्या बेतानं झेलत. माणसं उभी राहिली. आणि खरं सांगते, माझा जीव सासूबाईंकडेच ओढत होता. अंपायर झाले म्हणून काय झालं!

दोघी बरोबरीत आल्या. पुढचा पॉइंट जिंकेल ती जिंकली, असं आधीच ठरलेलं होतं.

शिक्षिकाबाईंनी रिंग उंच, मागच्या रेषेपाशी टाकली. सासूबाई उलट्या पावली धावल्या, उडी मारली, झेलली आणि पाय टेकता टेकता परत फेकली. ती जाळीला लगटून पलीकडे पडली. शिक्षिकाबाई पोचल्याच नाहीत. एकच गलका झाला! सासरे खुर्चीवरून उठून टाळ्या पिटत होते.

पण उडी मारताना पदर सुटला होता, आणि रिंग हातात यायच्या आधी पदराला लागली होती. तळहाताशिवाय कुठंही लागली की फाउल. पदराच्या बाजूला मी एकटीच तोंड करून होते. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

शिट्टी तोंडात होती आणि फुंकर निघेना. घरात मी या बाईंसमोर आमटीत मीठ कमी आहे असंही बोलत नव्हते. त्यांच्या आयुष्यातला एवढा एक आनंद, तोही नवऱ्यादेखत, मी सुनेनं काढून घ्यायचा? पण नाही घेतला तर मग मी स्टुलावर उभी कशाला होते?

मी शिट्टी मारली.

"अक्का, रिंग तुमच्या पदराला लागली. फाउल. पॉइंट पलीकडच्या अक्कांचा."

"अगं, सासू आहे ती तुझी!" मागून कुणीतरी ओरडलं. सासऱ्यांच्या टाळ्या हवेतच राहिल्या. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर उचलून पुन्हा खोचला, जाळीखालून हात घालून शिक्षिकाबाईंचा हात हातात घेतला आणि ताडताड घरी निघून गेल्या.

मी घरी गेले. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या, नेहमीपेक्षा जोरात. मी दारातच उभी राहिले.

"रागावलात?"

"हरले की मी. रागावणार नाही तर काय पेढे वाटू?" भाकरी तव्यावर पडली. त्यांनी वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "या घरात आल्यापासून माझ्या चुका दाखवायला कुणी कमी नव्हतं. सासूनं दाखवल्या, दिरांनी दाखवल्या, यांनी तर रोज दाखवल्या. पण अक्का म्हणून, अहो-जाहो करून, चारचौघांत माझी चूक आजवर कुणी सांगितली नव्हती."

मी तिथंच बसून रडायला लागले.

"रडतेस काय? ती भाकरी उलट, करपली की," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी स्टुलावर तूच चढायचंस. मी पदराला पिना लावून येते. बघू मग कसा फाउल देतेस."