पाचव्या खिडकीला थांबलेलं पाणी

चौकात कोणी उतारा टाकला तर त्यातला नारळ उचलून फोडून खाणारा मी माणूस. अंगात येणं, बाहेरचं लागणं... आमच्या अमडापुरात याच्या गोष्टी सांगणारे घरोघरी आहेत, पण मी त्यांच्यात कधी बसलो नाही. देवाला हात जोडतो, तेवढंच. म्हणून हे लिहू की नको यात एक अख्खं वर्ष गेलं. कोणाला पटवायचं नाही. जसं झालं तसं सांगतो.

माझं काम काचा धुण्याचं. पुण्यात सात वर्षं एका सफाई कंपनीत होतो, लॉकडाऊनमध्ये गावी आलो आणि इथेच हा धंदा सुरू केला. चिखली, बुलडाणा, खामगाव इकडे आता शोरूम, दवाखाने, मंगल कार्यालयं सगळी काचेची होत आहेत. काम असं असतं — सरकवून लांब होणारा हलका दांडा, त्याच्या टोकाला ब्रश, आणि दांड्यातून ब्रशपर्यंत जाणारा बारीक पाइप. खाली ट्रॉलीवर टाकी, पंप, बॅटरी आणि फिल्टर. जमिनीवर उभं राहून तिसऱ्या मजल्याची काच धुता येते. शिडी नाही, दोर नाही. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, काचेवर वाळलं की पांढरे डाग सोडतं. म्हणून फिल्टरचंच पाणी लागतं आणि ते जपून वापरावं लागतं.

लोकांना वाटतं कसब ब्रशात आहे. नाही. कसब पाण्यात आहे. घासताना पाणी कमी, धुवून काढताना जास्त, एका खिडकीवरून दुसरीवर जाताना बंद. काच उन्हानं तापली असेल तर सगळंच जरा वाढवायचं. पण दांडा धरणाऱ्याची मान वर आणि दोन्ही हात गुंतलेले. मग पाणी कोण सांभाळणार?

माझं पाणी शोभाताई सांभाळायची. माझी सख्खी मोठी बहीण, सत्तावन्न वर्षांची. भाऊजी वारल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली. आमचा भाजीपाल्याचा मळा — वांगी, मिरची, कांदा. सगळं आयुष्य तिनं पाणी ओलण्यात घालवलेलं. एक वाफा भरला की मातीचा बांध फोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचं. मी सगळं सामान जुनं घेतलं होतं आणि त्यातला कंट्रोलर, म्हणजे पाण्याचा प्रवाह सांभाळणारं यंत्र, मेलेलाच होता. ताई म्हणाली, "मी येतो. तुह्या त्या नळावर हातच ठेवा लागते ना? तेवढं जमते मले."

ती टाकीजवळ स्टुलावर बसायची, डोक्यावर पदर, उजवा हात व्हॉल्व्हवर. पहिले दोन दिवस मी ओरडायचो, "सोड!" "कमी कर!" "बंद!" तिसऱ्या दिवसापासून ओरडायची गरजच उरली नाही. मी ब्रश टेकवला की पाणी बारीक, ब्रश वर उचलला की धार. आणि तिनं स्वतःची एक गोष्ट काढली होती. खिडकी संपत आली की ती व्हॉल्व्ह दोनदा झटक्यानं उघडायची — फस्, फस्. चौकटीच्या वरच्या पट्टीत अडकलेली माती त्यानं खाली यायची आणि नंतर काचेवर ओघळ उतरायचे नाहीत. पुण्यात मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

मागच्या वर्षी मी नवा कंट्रोलर बसवला. आकडा लावला की पंप तेवढंच पाणी देतो, पाइप कुठे दबला तर पंप स्वतः थांबतो. व्हॉल्व्ह काढून टाकला. ताई तरी दोन-तीन कामांना आली, नुसती बसून राहिली. एकदा म्हणाली, "त्याले काय समजते, काच तापली का नाई ते?" मी हसलो. म्हटलं, "ताई, आता तू घरी आराम कर. लय केलं तू."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. पण घरी बसणारी ती बाई नव्हतीच... दुसऱ्या दिवसापासून मळ्यात जाऊ लागली. एप्रिल महिना, कांदा काढणी. चौथ्या दिवशी भर उन्हात वाफ्यातच कोसळली.

बुलडाण्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उन्हानं शरीरातलं सोडियम एकदम उतरलंय, मेंदूला सूज आहे. शुद्ध नव्हती. आयसीयूत ठेवलं. दोन दिवस मी आणि माझी बायको रेखा बाहेरच्या बाकावर. आत जायला सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं. मी ताईकडे बघायचो आणि एकच गोष्ट डोक्यात यायची — मी यंत्र आणलं नसतं तर ही त्या दिवशी मळ्यात नसती, माझ्याजवळ सावलीत बसलेली असती.

तिसऱ्या दिवशी चिखलीचं काम होतं. मेहकर रोडला एक मंगल कार्यालय, तीन मजली, समोरची भिंत पूर्ण काचेच्या खिडक्यांची. दुसऱ्या दिवशी तिथे लग्न होतं आणि मी महिनाभर आधी शब्द दिलेला. रेखा म्हणाली, "तुमी जा. इथं बसून काय करून राह्यलो आपण? काई झालं तर फोन करतो." गेलो. मन थाऱ्यावर नव्हतं, पण गेलो.

दहाला भाड्याच्या टेम्पोनं पोचलो, सामान लावलं. तिथले वॉचमन, महादेवकाका, साठीचे असतील, खुर्ची घेऊन बघत बसले. ऊन चढलेलं, म्हणून कंट्रोलरवर आकडा चाळीस लावला आणि तळमजल्यापासून सुरुवात केली. तळमजला नेहमीसारखाच झाला.

अकराच्या पुढे पहिल्या मजल्याला लागलो आणि पाणी बदललं.

ब्रश टेकवला की पाणी बारीक होई. उचलला की धार. पुढच्या खिडकीकडे सरकलो की बंद. मला वाटलं बॅटरी उतरली. खाली येऊन पाहिलं, बॅटरी भरलेली, आकडा चाळीस. परत सुरू केलं. पुन्हा तेच. मी काहीच करत नव्हतो, पाणी माझ्या हाताबरोबर चालत होतं. आणि खिडकी संपताना — फस्, फस्.

मी दांडा धरून तसाच उभा राहिलो. अंगावर काटा वगैरे काही आलं नाही, खरं सांगतो. उलट खांद्यावरचं ओझं हलकं झाल्यासारखं वाटलं. भीती वाटायला हवी होती, हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी फक्त काम करत राहिलो, एकामागून एक खिडकी. मागे वळून मात्र पाहिलं नाही. स्टूल मी ट्रॉलीजवळ ठेवलं होतं, सवयीनं. ते रिकामं दिसेल म्हणून पाहिलं नाही.

दुसऱ्या मजल्याची पाचवी खिडकी. अर्धी घासून झाली होती आणि पाणी थांबलं. एकदम, टिचकी मारून दिवा बंद करावा तसं.

आता पाहा, पाइप तुंबला असता तर पंप थांबायला हवा होता. पंप चालू होता. आकडा चाळीसच. मी पूर्ण पाइप हातानं चाचपला, कुठे मुडप नाही, कशाखाली दबलेला नाही. ट्रॉलीजवळचा जोड सोडला तर पाणी भसकन बाहेर आलं. जोड लावला, तर ब्रशातून एक थेंब नाही. पाइपात फुंकून पाहिलं, हवा आरपार जात होती.

महादेवकाका उठून जवळ आले. "काय झालं भाऊ?"

"पाणी थांबलं काका."

"मंग मशीन काऊन चालू हाये?"

ताई गेली... दुसरा विचारच आला नाही. रेखाला फोन लावला. तो फोन अजून मोबाइलमध्ये दिसतो, बारा वाजून सव्वीस मिनिटं.

"ताई कशी आहे?"

"सकाळी होत्या तशाच. आतमधी जाऊ देत नाईत. काऊन? काय झालं?"

"विचार. आत जाऊन विचार."

"अहो, झालं काय पण?"

फोन ठेवला. काकांना म्हटलं, माझी बहीण सिरियस आहे, तुमची गाडी द्या. त्यांनी एक शब्द न विचारता मोटरसायकलची किल्ली हातात ठेवली. माझा नंबर घेतला. दांडा भिंतीला टेकवला, पंप चालूच राहिला, आणि मी निघालो. चिखली ते बुलडाणा तो रस्ता मी कसा कापला, आठवत नाही.

आयसीयूच्या दारात सिस्टर भेटल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "दादा, घाबरू नका. त्या आहेत. फक्त आम्हाला त्यांचा हात बांधावा लागला."

"हात?"

"अकरा वाजल्यापासून उजवा हात सारखा फिरवत होत्या. असा..." त्यांनी मनगट डावीकडे-उजवीकडे फिरवून दाखवलं. "नळ उघडावा तसा. सलाईन निघत होतं, म्हणून सव्वाबाराला पट्टीनं कठड्याला बांधला."

मी त्यांच्याशी काय बोललो ते नीट आठवत नाही. हात जोडले असतील. डॉक्टर आले, म्हणाले, बेशुद्धीत असे पेशंट हात हलवतात, आयुष्यभर केलेलं काम हाताला सवयीचं असतं. तुम्ही शेजारी बसून हात धरणार असाल तर सोडतो. मी हो म्हटलं.

सिस्टरनी पट्टी सोडली. ताईचा हात माझ्या हातात आला, गार, खरखरीत. क्षणभर तसाच पडून राहिला. मग फिरला. थोडा... मग जास्त... मग उलटा. मी डोळे मिटले आणि मला कळत होतं ती कुठे आहे. हे घासणं. हे धुणं. आणि अंगठा माझ्या तळव्यावर दोनदा आपटला.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. डाव्या हातानं काढला. महादेवकाका.

"भाऊ, तुमच्या त्या ब्रशातून पाणी सुरू झालं आपोआप. सगळं फरशीवर वाहून राह्यलं. मशीन बंद करू का?"

घड्याळात एक वाजून अकरा मिनिटं झाली होती. सिस्टर समोरच उभ्या होत्या, हातात ती सोडलेली पट्टी.

मी काकांना हो म्हटलं. फोन ठेवला आणि ताईच्या कानाशी वाकलो. काय बोलावं हे ठरवलं नव्हतं. तोंडातून तेच निघालं जे कामावर निघायचं.

"ताई, बंद. झालं सगळं. आता बस."

हात थांबला. सिस्टर म्हणाल्या, बघा, ऐकलं त्यांनी. ती संध्याकाळपर्यंत शांत झोपली. मी चारला चिखलीला परतलो आणि दिवस मावळायच्या आत राहिलेल्या खिडक्या संपवल्या. पाणी पूर्ण वेळ चाळीसच्या आकड्याला, एकसारखं. सरळ, मुकाट.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ताईनं डोळे उघडले, आठवड्यानं घरी आली. तिला काहीच आठवत नाही. वाफ्यात पडली ते नाही, दवाखाना नाही, काही नाही. दोन-एक महिन्यांनी धीर करून मी तिला सगळं सांगितलं. ती तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् ती पाचवी खिडकी? ते अर्धी घासेल? वाळली असन ना तशीच."

"वाळली होती. पुन्हा घासावी लागली."

"मंग," ती म्हणाली, आणि खडे वेचू लागली.

कंट्रोलर मी अकोल्याला एका मेकॅनिकला दाखवला. तो म्हणाला यंत्र ठणठणीत आहे. उन्हात पाइप मऊ पडतो, आत हवा अडकते, पाणी कमी-जास्त होऊ शकतं. पटण्यासारखं आहे. डॉक्टरांनी हाताचं सांगितलं तेही पटण्यासारखं आहे. दोन्ही कारणं आपापल्या जागी बरोबर आहेत. पण चिखलीचा पाइप आणि बुलडाण्याचा हात, दोघांची सुरू व्हायची, थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची वेळ एक कशी, हे मला दोघांपैकी कोणी सांगू शकलं नाही. मी विचारलंही नाही फारसं. एवढं लिहिलं आहे, वाचणाऱ्यांत कोणाला उलगडलं तर जरूर सांगा. मला उलगडलेलं नाही.

त्यानंतर त्याच यंत्रावर मी शेकडो खिडक्या धुतल्या. ताई घरी आहे, खाते-पिते, रेखाशी भांडते, सगळं छान आहे. पाणी तसं पुन्हा एकदाही चाललं नाही. आणि ते चालत नाही म्हणजे ताई बरी आहे असं मी स्वतःला समजावतो. तरी खिडकी संपत आली की माझा हात क्षणभर थांबतोच.