बॉनेटवरचे तीन डाग

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती चोरी कोणत्या ठाण्यातली, हे सांगायला जुनी डायरी काढावी लागते. नल्लकुंटा या तेलुगू वस्तीच्या भागातल्या एका गल्लीतली ती घटना मात्र डायरी न काढता आठवते. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एका गाडीच्या बॉनेटवर तीन डाग पडले होते आणि त्या डागांपायी एक म्हातारा माणूस तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचला होता.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रमुख होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. सकाळचा क्रम ठरलेला असे. आधी हजेरी, मग कोठडीची पाहणी, गस्तीचा अहवाल आणि त्यानंतर आलेले अर्ज. त्या बुधवारी हजेरी संपते न संपते तोच विजेच्या सामानाचे एक व्यापारी तावातावाने आत आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते.

"सार, माझ्या नव्या गाडीवर तेजाब टाकलंय. आज पहाटे. कोणी टाकलं तेही सांगतो."

त्यांचा संशय समोरच्या घरातल्या रेल्वेच्या निवृत्त कारकुनावर होता. दूध टाकणाऱ्याने पहाटे साडेपाचला त्या गृहस्थांना गाडीजवळ वाकलेले पाहिले होते, हातात बाटली होती. भांडण जुने होते. व्यापाऱ्यांची गाडी त्यांच्या फाटकापुढे उभी असते, त्यावरून.

"रस्ता सरकारचा आहे, सार. त्याच्या बापाचा नाही," ते म्हणाले. मग टेबलावर वाकून हळू आवाजात पुढचे बोलले. "आणखी एक. तो तुमच्यातला आहे, मराठी. म्हणून आधीच सांगतो, सांभाळून घेऊ नका. नाहीतर मला वर जावं लागेल."

हे वाक्य मला बरोबर जिथे लागायचे तिथे लागले. मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. सरकारी मराठी शाळेत शिकलो, तेलुगू नीट यायला कॉलेज उजाडावे लागले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पोलीस खात्यात आलो तेव्हापासून 'हा आपल्या माणसांना झुकते माप देतो' असे कोणी म्हणू नये, याची मला सतत धास्ती असे. त्यामुळे ठाण्यात कोणी मराठीत बोलायला लागले, की मी तेलुगूत उत्तर द्यायचो. यालाच मी निःपक्षपातीपणा समजत होतो.

लेखनिकाने त्या पत्त्यावरचे जुने कागद काढले. निवृत्त कारकुनांचे चार अर्ज निघाले, वर्षभरातले. अक्षर सुवाच्य, भाषा नम्र. पत्नीला मूत्रपिंडाचा आजार आहे, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार डायलिसिसला न्यावे लागते, गाडीमुळे फाटक हातभरच उघडते, कृपया मार्ग काढावा. चारही अर्जांच्या तळाशी एकच शेरा होता: 'शेजाऱ्यांमधील आपसातला वाद. दोघांना समज दिली. निकाली.' त्याखाली सही माझी.

मला ते गृहस्थ आठवले. पहिल्या खेपेला त्यांनी मोठ्या आशेने मराठीत सुरुवात केली होती. मी तेलुगूत "जरा अ‍ॅडजस्ट करून घ्या" म्हणून त्यांना वाटेला लावले होते. फाटक अडवणारी गाडी उचलून नेण्याचा अधिकार हातात असताना.

पासष्टीच्या वरच्या माणसाला ठाण्यात बोलवायचे नाही, त्याच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा, असा नियम आहे. बरोबर एक महिला हेड कॉन्स्टेबल घेतली आणि आम्ही गल्लीत गेलो.

जेमतेम दोन गाड्यांच्या रुंदीची गल्ली. व्यापाऱ्यांचे घर तीन मजली, खाली गाड्या लावायला जागाही सोडलेली. त्या जागेत छताला लागेपर्यंत पंख्यांची खोकी रचली होती. त्यामुळे त्यांची पांढरी गाडी समोरच्या फाटकापुढे जेमतेम हातभर जागा सोडून उभी असे. बॉनेटवर तीन गोल डाग होते, रंगाला फोड येऊन काळपट पडलेले. गल्लीच्या तोंडावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण आधीच पाहिले होते. पहाटे दूधवाल्याखेरीज बाहेरचे कोणी आत आले नव्हते. म्हणजे जे केले ते गल्लीतल्याच कोणीतरी. तेजाब म्हटल्यावर प्रकरण साधे राहत नाही. अटक करावी लागली असती.

फाटकाच्या फटीतून आम्हाला आडवे होऊन आत शिरावे लागले. निवृत्त कारकून दारातच उभे होते. सत्तरीचे, इस्त्रीचा सदरा, हात मागे बांधलेले.

मी तेलुगूतच विचारले, "पहाटे बाहेर कशाला गेला होतात?"

"असंच. हवा खायला."

"हातात बाटली कसली?"

"पाण्याची."

"हवा खायला जाताना पाण्याची बाटली? आणि गाडीजवळ वाकून काय करत होता?"

त्यांचे कान लाल झाले, नजर जमिनीवर गेली. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मी मनाशी म्हटले, हाच. खोटे बोलणारा माणूस असाच दिसतो. मी आवाज चढवला. अटकेची भाषा केली.

तेव्हा ते पहिल्यांदा मान वर करून म्हणाले, "साहेब, उद्या गुरुवार. सकाळी सातला हिला दवाखान्यात न्यायचंय. मुलगा परदेशात आहे, दुसरं कोणी नाही. एक दिवस चुकला तर हिच्या अंगात पाणी चढतं. उद्याचं तेवढं होऊ द्या. मग न्या मला कुठं न्यायचं ते."

एवढ्यात आतल्या खोलीतून बायकी आवाज आला. अशक्त, पण ठसक्याचा.

"अहो, सांगून टाका ना त्यांना! लाजता कशाला?"

"तू गप पड."

"गप कशी पडू? तुम्हाला धरून नेतील तेव्हा बोलू का? साहेब, रांगोळी काढत होते हे!"

हेड कॉन्स्टेबल फसकन हसली आणि लगेच तोंड दाबून घेतले. गृहस्थांनी कपाळावर हात मारला.

हळूहळू सगळे बाहेर आले. बाईंनी चाळीस वर्षे त्या दारात रोज सडा-रांगोळी केली होती. आता त्यांना वाकता येत नव्हते. डायलिसिससाठी डाव्या हाताची शीर जोडून घेतलेली, त्या हाताला धक्का लागून चालत नाही. दार सुने राहिले की त्या दिवसभर बेचैन असत. म्हणून नवऱ्याने हे काम अंगावर घेतले. बादलीने सडा टाकला की गाडीवर शिंतोडे उडतात म्हणून भांडण होई. म्हणून ते बाटलीने पाणी शिंपडत. गाडी आणि फाटक यांच्यामध्ये उरलेल्या हातभर पट्टीत ठिपके मांडत. बाई खाटेवरून ठिपक्यांची गणती सांगत आणि ते वहीत उतरवून घेत. वही त्यांनी मला दाखवली. रेल्वेचे हिशेब लिहिलेल्या त्याच अक्षरात 'सात ते एक, उलट सुलट' असे काही लिहिलेले होते.

"छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, साहेब," ते म्हणाले. "आता बाईमाणसासारखा उकिडवा बसून रांगोळी घालतोय, हे गल्लीनं बघू नये, म्हणून उजाडायच्या आत उरकतो. दूधवाल्यानं बघितलं असेल ते हेच."

मग मी त्यांच्याशी पहिल्यांदा मराठीत बोललो. "गाडीला हात लावलात का तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. भाषा बदललेली त्यांच्या लक्षात आली असावी.

"हातानं नाही लावला. मनानं रोज लावतो."

"हे असंच लिहून घेऊ?"

"घ्या. खरं आहे ते."

आरोप अंगावर आलेला असताना एवढे खरे बोलणारा माणूस मी फार वेळा पाहिलेला नाही. तरीही डाग कोणी पाडले, हा प्रश्न होताच. दरम्यान हेड कॉन्स्टेबल बाहेर जाऊन बॉनेट पुन्हा तपासत होती. तिने दारातून हाक मारली.

"साब, जरा बाहर आओ. ये तेजाब नहीं है."

"कशावरून?"

"तेजाब हुआ तो बह के नीचे आता, साब. ये तो गोल के गोल हैं. मेरी स्कूटी की सीट ऐसीच जली थी. सास ने नजर उतारी, कपूर जला के सीट पेइच रख दी. तीन दिन बात नहीं करी मैं उससे."

तिने वायपरच्या खाचेतून चिमट्याने एक तुकडा काढून दाखवला. विड्याच्या पानाची करपलेली कड होती. जवळ नेल्यावर कापराचा वास अजून येत होता. आणि त्या दिवशी अमावस्या होती.

कोणाच्या गाडीची दृष्ट काढायची तर ती त्याच्याच घरचे माणूस काढणार. मी नकळत समोर वर पाहिले. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत व्यापाऱ्यांची आई उभी होती. आम्ही पान काढले ते तिने पाहिले होते. आम्ही बोलावण्याआधीच ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.

ती खाली पोहोचली तेव्हाच मुलगाही स्कूटरवरून दुकानातून आला. "झाली का अटक?" म्हणून त्याने मलाच विचारले.

म्हातारी तेलुगूत म्हणाली, "त्यांना सोडा, बाबू. मी केलंय ते. तीन पानांवर कापराच्या तीन वड्या ठेवल्या. हातात धरून ओवाळायची असतात, पण माझे हात थरथरतात. म्हणून गाडीवर टेकवली."

मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अम्मा! दृष्ट काढायची तर पुढं नारळ फोडायचा! नव्या गाडीवर कापूर पेटवतं का कोणी? आणि तू आत जा बरं आधी."

"नाही जात. मी गाडीची काढली नाही. तुझी काढली." तिने कारकुनांच्या फाटकाकडे बोट केले. "ती बाई एक दिवसाआड त्या फटीतून निघते, हात असा वर धरून. मी वरून बघते. परत येते तेव्हा तिला उभं राहवत नाही, तरी आडवी होऊन आत शिरते. तिची हाय तुला लागेल, ही भीती मला बसलीय. तुला किती वेळा सांगितलं. तू गाडी हलवेनास, म्हणून देवाला सांगितलं."

गल्लीत चार-पाच माणसे जमली होती. व्यापारी एकदा बॉनेटकडे, एकदा आईकडे बघत राहिले. मला त्यांना बरेच सुनवायचे होते. सकाळी त्यांनी मला जे ऐकवले होते, तेही मनात होते. पण आईने जे सांगितले त्यावर मी आणखी काय सांगणार होतो?

म्हातारी फाटकातून आडवी होऊन आत गेली. मीही मागोमाग गेलो. तिने खाटेवरच्या बाईंचे पाय धरायला हात पुढे केले, तेव्हा बाईंनी पाय ओढून घेतले आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत म्हणाल्या, "अहो, मी कसली हाय देते? त्या फटीतून निघताना हात सांभाळायचा की शाप द्यायचा? एवढी ताकद कुठाय मला!"

दोघी हसल्या. मग दोघींच्याही डोळ्यांना पदर लागला.

तक्रार मागे घेतल्याचा जबाब तिथेच लिहिला. फाटक अडवल्याची लेखी नोटीसही मी व्यापाऱ्यांना त्याच वेळी दिली. ती वर्षभर आधी द्यायला हवी होती. त्यांनी निमूटपणे सही केली. संध्याकाळपर्यंत खोकी हलवून गाडी स्वतःच्या घराखाली गेली.

निघताना मी कारकुनांना बाजूला घेऊन म्हटले, "तुमचे चारही अर्ज मीच निकाली काढले होते. माझं चुकलं. आपल्या माणसाची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये, म्हणून मी तुमचं ऐकलंच नाही."

ते म्हणाले, "मला कळलं होतं ते. रेल्वेत मीही तेच केलं. बदल्यांच्या यादीत आपला माणूस असला की त्याचं नाव सगळ्यात खाली ठेवायचो. एक जण त्यापायी सहा वर्षं घरापासून लांब राहिला." आणि मग, "चहा टाकतो. बसा दोन मिनिटं."

गुरुवारी सकाळी सातच्या आधी मी फेरीच्या निमित्ताने त्या गल्लीत गेलो. फाटक दोन्ही बाजूंनी सताड उघडे होते. मुलाने परदेशातून पैसे पाठवून आईसाठी चाकांची खुर्ची घेऊन दिली होती, पण ती फटीतून जात नसल्याने घरातच पडून होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा रस्त्यावर आली. सीटवरचे प्लास्टिकही अजून काढलेले नव्हते. बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या.

पुढे बरीच वर्षे मी या प्रकरणाचा विचार करत आलो आहे. माझे वडील शेतमजूर होते. जमिनीच्या एका साध्या कागदासाठी ते तहसिलीत खेपा घालायचे आणि कोणी तोंड उघडू न देता त्यांना परत पाठवायचे. मी शिकावे असे त्यांना वाटण्यामागे त्या खेपाही होत्या. आणि मी शिकून, वर्दी चढवून, एका सज्जन माणसाला चार वेळा तसाच परत पाठवला होता. आपल्या माणसाला दूर लोटणे म्हणजे न्याय, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात मी फक्त स्वतःचे नाव जपत होतो. त्यानंतरच्या दोन वर्षांत माझ्या टेबलासमोर जो ज्या भाषेत बोलला, त्याला मी त्याच भाषेत उत्तर दिले आणि अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

ठाण्याच्या नोंदीत तपास अधिकारी म्हणून माझे नाव आहे. उलगडा मात्र तीन बायकांनी केला. एकीने नवऱ्याची लाज झुगारून खरे सांगितले, एकीने सासूवरचा जुना राग आठवून डाग ओळखले आणि तिसरी पोटच्या मुलाविरुद्ध बोलायला स्वतःहून जिना उतरून आली. त्या तिघी नसत्या, तर गुरुवारी सकाळी सातला एक निरपराध माणूस माझ्या कोठडीत बसला असता, आणि त्याच्या अटकेच्या कागदावरही सही माझीच असती. ती सही करायची वेळ माझ्यावर येऊ दिली नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.