पाटीवरच्या डॉक्टरीणबाई

काढलेल्या दाढेची जागा जीभ रोज चाचपते. लातूरच्या त्या प्रकरणाचं माझ्या मनात तसंच झालं आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच आता धड आठवतही नाहीत. हे मात्र आठवतं, आणि यात तर कुणी सुरासुद्धा उचलला नव्हता. कुणाचंही नाव लिहिणार नाही. गेलेल्या बाईचं लिहावंसं वाटतं, पण तिच्या घरच्यांना मी तसं विचारलेलं नाही.

तेव्हा मी लातूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदारानं सरकारी रुग्णालयाची सूचना पुढे ठेवली. रेणापूर तालुक्यातली पन्नाशीची एक बाई. खासगी दंत दवाखान्यात एकाच बैठकीत तीन दाढा काढल्या, चौथ्या दिवशी गळ्यापर्यंत सूज उतरली, श्वास कोंडला आणि ती गेली. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली.

दुपारी तिचा नवरा आला. उंच, वाळकुडा माणूस, टोपी हातात. त्याच्याबरोबर दोन भाऊबंद होते, पण बोलला तोच.

"साहेब, दवाखानेवाले म्हनतेत, तिनं शुगर लपवून ठिवली. स्वताच्याच चुकीनं मेली म्हनतेत. तिनं जल्मात खोटं बोललेलं न्हाई. मला पैशे न्हाई पायजेत. तिच्या दाढा काढायचं कोनी ठरिवलं, तेवढा मानूस दाखवा."

"डॉक्टरांनीच ठरवलं असणार ना, काका."

"कोनत्या डॉक्टरनं? पाटीवर एक नाव हाय, आत दुसराच मानूस हाय, अन् फोन तिसराच करतो."

हे बोलून त्यानं काखेतली प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आपल्याकडे प्रत्येक घरात अशी एक पिशवी असते. त्यात गुंडाळलेले एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, कधीकाळची सोनोग्राफी, सगळं असतं. मी ती उघडलीसुद्धा नाही. "राहू द्या तुमच्याजवळ. आम्ही दवाखान्याकडून रीतसर पत्र देऊन कागद मागवतो," म्हणालो आणि पिशवी त्याच्या हातात परत दिली. शिक्का मारून आलेला कागद खरा आणि गावाकडच्या माणसाच्या पिशवीतला कागद कचरा, ही आमच्या खात्याची जुनी खोड. त्या दिवशी ती मला नडली.

रीतसर पत्र गेलं, रीतसर कागद आले. छापील, स्वच्छ, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. त्यात लिहिलं होतं की रुग्णानं मधुमेह नसल्याचं सांगितलं. खाली सही होती पाटीवरच्या डॉक्टरीणबाईंची. आमचे उदगीरकडचे जुने हवालदार कागद उलटसुलट करून म्हणाले, "साहेब, एवढा सोच्छ कागद तर आपल्या ठाण्यात बी कधी तयार झाला न्हाई." मी हसलो, पण मनात नोंद केली.

डॉक्टरविरुद्ध निष्काळजीपणाचा गुन्हा असा उठून दाखल करता येत नाही. आधी वैद्यकीय समितीचा अभिप्राय लागतो. तो येईपर्यंत चौकशी चालू ठेवली. दवाखान्यासमोर औषधाचं दुकान होतं. मालक कपाळाला विभूती लावणारे, मोजकं बोलणारे आप्पा. हवालदार त्यांच्याकडे डोकेदुखीची गोळी घ्यायला म्हणून गेले आणि खबर घेऊन आले. आप्पा म्हणाले होते, "चार वर्सं झाली मी समोर बसून राहिलो. त्या पाटीवरच्या बाईला एकदाच बघितलं, उद्घाटनाच्या पूजेला. नवऱ्याबरोबर बसली होती. पेढा बी दिला मला. त्याच्यानंतर न्हाई दिसली."

पाटीवरच्या बाई सापडल्या नांदेडकडच्या नायगावात. वय पस्तिशीच्या आत. बीडीएस झालेल्या, लग्नानंतर तिथंच. स्वतःचा दवाखाना टाकायची ऐपत नव्हती आणि घरात दोन लहान मुलं. आम्ही गेलो तेव्हा सासऱ्यांनी मोठ्या कौतुकानं भिंतीवरचा फोटो दाखवला. लातूरच्या त्या पाटीचा फोटो, सुनेचं नाव ठळक अक्षरात. पोलीस कशाला आलेत हे कळल्यावर म्हाताऱ्यानं फोटोकडे पाठ केली.

घटनास्थळाच्या पंचनाम्यासाठी बाईंना लातूरला बोलावलं. त्यांच्याबरोबर एक वकील होता. असे बरेच दवाखाने चालवणाऱ्या नांदेडच्या एका कंपनीनं त्याला पाठवलं होतं. बाई सांगत होत्या, "दवाखाना माझा आहे. उपचार मी केले." शब्द पाठ केल्यासारखे येत होते.

त्या दवाखान्याच्या दाराशी "चप्पल बाहेर काढा" असं लिहिलेलं आहे. पेशंट बाहेर काढतात, तिथले लोक मात्र पायातल्यासकट सरळ आत जातात. पंच आले, हवालदार आणि मी आलो, वकील आले. बाई पायरीपाशी थांबल्या, वाकून पट्टे सोडले आणि सँडल पेशंटांच्या चपलांच्या रांगेत व्यवस्थित लावून ठेवले. आत आल्यावर हात धुवायला त्या डावीकडे वळल्या. तिथं एक्स-रेची खोली होती. स्वागतकक्षातली मुलगी धावली, "मॅडम, बेसिन तिकडं हाय."

माझ्याकडे हवालदारांनी पाहिलं, मी हवालदारांकडे. स्वतःच्या दुकानात शिरताना कुणी चप्पल गिऱ्हाइकांच्या रांगेत लावत नाही, आणि बेसिनही चुकत नाही.

तरी तेवढ्यानं काय सिद्ध होतं? बाई नावापुरत्या मालकीण आहेत हे मला कळलं, पण कागदावर सही त्यांची आणि कबुलीही त्यांची. आहे तसं प्रकरण कोर्टात गेलं असतं तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती. नवऱ्याचा प्रश्न तर तसाच राहिला असता. तो दर सोमवारी, बाजाराला आला की ठाण्यात यायचा. बाकावर बसायचा. "सापडला का मानूस?" विचारायचा आणि उठून जायचा. मला त्याच्या येण्याची धास्ती वाटू लागली होती, हे कबूल करतो.

अशाच एका सोमवारी हवालदारांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "काका, ती पिशवी आनली का? ओता की सगळी इथं."

त्यानं ओतली. एक्स-रे, शिधापत्रिकेची झेरॉक्स, देवीच्या अंगाऱ्याची पुडी. आणि त्यात भेटीची वेळ लिहून देतात ते दवाखान्याचं छोटं कार्ड. पुढे तारीख. मागे निळ्या पेनानं, घाईत, पण वाचता येईल असं लिहिलेलं: साखर फार जास्त. आज काढू नये. फिजिशियनची चिठ्ठी घेऊन पंधरा दिवसांनी.

"हे कुणी लिहून दिलं?"

"पयल्या दिवशी. आतल्या पोरसवदा डॉक्टरनं. बोटाला टोचून रगत बघितलं अन् म्हनला, मावशी, आज न्हाई. आमी परत गेलो. दुसऱ्या दिशी फोन आला, या म्हनून. लगेच या, नंबर लावलाय म्हनून. मंग आलो."

"हे कार्ड तुमच्याकडे पहिल्यापासून होतं?"

"हाव. पयल्या दिशीच तुमच्या टेबलावर ठिवलं होतं की."

तो रागानं बोलला नव्हता. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. मी लगेच पंच बोलावून कार्ड जप्त केलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

तो तरुण डॉक्टर आता कंपनीच्याच नांदेडच्या शाखेत होता. शिक्षकाचा मुलगा, कॉलेजातून निघून दोन वर्षं झालेली. चौकशीला आला तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसला आणि दिलेलं पाणी एका दमात संपवलं. अशा माणसावर आवाज चढवायचा नसतो, तो आधीच आतून ओरडत असतो. मी कार्ड त्याच्यापुढे पालथं ठेवलं, मागचं लिखाण वर. त्यानं ते वाचलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी नको म्हणालो होतो, सर."

"मग काढल्या कशा?"

त्यानं मोबाइल काढून पुढे धरला. डॉक्टरांचा आणि नांदेडच्या कार्यालयाचा मिळून एक ग्रुप होता. कुठल्या गावात किती खुर्च्या भरल्या, किती रिकाम्या राहिल्या, याचा हिशेब त्यावर रोज पडत असे. रेणापूरची बाई दाढ न काढता परत गेली त्या संध्याकाळी कंपनीच्या विभागीय व्यवस्थापकाचा संदेश होता. पेशंट परत पाठवायचा नाही. उद्या बोलावून घेतो. तुम्हाला जमत नसेल तर दुसरे डॉक्टर रांगेत उभे आहेत.

"आणि ती परत आली तेव्हा साखर तपासली?"

"नाही, सर. तपासली असती तर पुन्हा नको म्हणावं लागलं असतं."

हे वाक्य मी जबाबात जसंच्या तसं घेतलं. छापील कागद नंतर तयार झाला होता, हेही त्यानंच सांगितलं. पाटीवरच्या बाईंच्या सहीचे कोरे कागद दवाखान्यात गठ्ठ्यानं पडलेले असायचे, त्यातला एक घेऊन. बोलताना पोरगा रडला. मला त्याची दया आली आणि त्याचा रागही आला. हात तर त्याचाच होता ना.

मी नांदेडला व्यवस्थापकाकडे गेलो. आधी प्लॉट विकायचा, आता दवाखाने सांभाळत होता. केबिनमध्ये गार वाऱ्यात बसून त्यानं सरळ कानावर हात ठेवले.

"साहेब, मी कॉमर्सचा माणूस. मला दाढ कुठली अन् सुळा कुठला कळत नाही. उपचाराचा निर्णय डॉक्टरांचा. क्लिनिक मॅडमचं. आमची कंपनी फक्त व्यवस्था बघते. बाहेर पाटी वाचा ना."

कंपनीला दात काढायचा परवाना मिळत नाही. तो शिकलेल्या माणसाला मिळतो. म्हणून कंपनी माणसाचं नाव भाड्यानं घेते, आणि संकट आलं की त्याच नावाआड उभी राहते. मी मोबाइलवरच्या संदेशाचा कागद त्याच्यापुढे ठेवल्यावर त्यानं वकिलाला फोन लावला.

आता प्रश्न पाटीवरच्या बाईंचा होता. त्यांनी "उपचार मी केले" हे धरून ठेवलं असतं तर कंपनीच्या वकिलाचं काम सोपं होतं. बदल्यात त्यांना सांभाळून घेऊ असं सांगितलं गेलं होतं. खरं बोलल्या तर नाव भाड्यानं दिल्याची कबुली, दंत परिषदेची कारवाई, नोंदणी जाणार, गावात अब्रू जाणार. मी त्यांना समजावलं नाही, धाकही दाखवला नाही. फक्त तो छापील कागद वाचायला दिला. सही केली तेव्हा तो कोरा होता, त्यामुळे त्यांनी तो तोवर वाचलेलाच नव्हता.

त्यांनी एक ओळ दोनदा वाचली. "रुग्णानं मधुमेह नसल्याचं सांगितलं. हे मी लिहिलं?"

"सही तुमची आहे."

"मी गठ्ठ्यावर सह्या करायचे, साहेब. स्वयंपाक करता करता. कुकरच्या शिट्ट्या मोजत." वकील मध्ये बोलू लागला. त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मेलेल्या बाईला मी खोटारडी ठरवलं. लिहून घ्या साहेब. सगळं लिहून घ्या."

अडीच तास जबाब चालला. समितीचा अभिप्राय आला, गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं. तरुण डॉक्टर, व्यवस्थापक आणि खोट्या कागदापुरत्या बाई, तिघांचीही नावं त्यात होती. व्यवस्थापकाच्या वरच्या माणसांपर्यंत मी पोचू शकलो नाही. प्रत्येक पत्त्यावर दुसऱ्या कंपनीची पाटी निघायची. दवाखाना चार महिने बंद राहिला आणि पुन्हा उघडला. वर नवं नाव होतं, त्याच्यामागेही बीडीएस.

खटला चालू असतानाच मी निवृत्त झालो. थोड्या दिवसांनी बाईंचा फोन आला. नोंदणी निलंबित झाली होती. म्हणाल्या, "मागं मी त्यांच्या घरी जाऊ का विचारलं तर तुम्ही नाही म्हणालात. आता तर तुम्ही साहेब नाही. चला माझ्याबरोबर."

जायला नको होतं, खटला चालू असताना आरोपीनं साक्षीदाराच्या घरी जायचं नसतं. वकिलाला विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. त्या नायगावहून एसटीनं आल्या, लातूरहून आम्ही रेणापूरच्या बाजूला गेलो. नवरा ओसरीवर तूर निवडत होता. मला बघून उठला. मी ओळख करून द्यायच्या आधीच बाई म्हणाल्या, "पाटीवरचं नाव माझं होतं, काका."

त्यानं मुठीतली तूर सुपात टाकली. मग त्यानं विचारलं, "तुम्ही तिला बघितलं होतं का?"

"नाही."

"एकदा बी?"

"नाही, काका."

"मंग आत ये, माय. बघ."

भिंतीवरचा हार घातलेला फोटो त्यानं खुंटीवरून काढला आणि बाईंच्या हातात दिला. कुणाच्या तरी हळदीतला होता. गाल पिवळे झालेली बाई मोकळी हसत होती. नवरा म्हणाला, "दात लई चांगले होते तिचे. एकच दाढ दुखत होती." बाई फोटो धरून तशाच उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत, माफी मागितली नाही. नुसत्या बघत होत्या, आणि मला तिथं उभं राहवेना म्हणून मी ओसरीवर आलो.

आयुष्यभर मी सह्या, ठसे आणि पुरावे गोळा केले. त्यानं आरोप सिद्ध होतो, पण त्या माणसानं माझ्याकडे मागितलं होतं ते वेगळंच होतं. त्याला कुणीतरी समोर येऊन "हे माझ्याकडून झालं" असं म्हणायला हवं होतं. ते कायद्यानं वदवून घेता येत नाही. या प्रकरणात एवढी माणसं गुंतलेली होती, आणि त्या ओसरीवर आली ती एकटीच, जिनं त्या बाईला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. ज्यांनी ठरवलं होतं, त्यांच्यातला कुणी आजतागायत तिथं गेलेला नाही.