बायच्या नावाने आलेली बाई

पोलीस खात्यातली बहुतेक प्रकरणं निवृत्तीच्या दिवशी मी ठाण्यातच सोडून आले. हे एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं आणि अजून गेलेलं नाही. यात कुणाचंही नाव घेणार नाही. कायदा तसं सांगतो हे एक कारण. दुसरं कारण असं, की त्या मुलीने आपलं नाव फार कष्टाने परत मिळवलं आहे. ते पुन्हा चारचौघांत टाकायचा मला हक्क नाही.

तेव्हा मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका ठाण्याची निरीक्षक होते. हद्दीत कारखाने. तिथे काम करणाऱ्या बऱ्याच बाया खानापूर, चंदगड भागातून ठेकेदारांनी आणलेल्या. राहायच्या खोल्या ठेकेदाराच्या, खोल्यांवर देखरेख मुकादमाची आणि आत-बाहेर जायचा गेटपासही मुकादमाच्याच खिशात. माणसाचं काम, झोपणं आणि घरी जाणं एकाच्या मुठीत असलं, की गुन्ह्यासाठी आणखी काही लागत नाही. पण हे कुठल्याही फिर्यादीत लिहिता येत नाही. फिर्यादीत फक्त त्या एका दिवसाचं लिहायचं असतं.

ती मुलगी आली तेव्हा ठाण्यात नेहमीची सकाळ होती. रात्रपाळीचे लोक पहारा बदलत होते, हवालदार स्टेशन डायरी लिहीत होता. खानापूरकडची, पॅकिंग खात्यात काम करणारी, विशी ओलांडलेली. सोबत पीडित स्त्रियांना आधार देणाऱ्या एका केंद्राची कार्यकर्ती होती. ही कार्यकर्ती पेडण्याकडची. तिला केंद्रातले, कोर्टातले, अगदी वकीलसुद्धा 'बाय' म्हणायचे. आमच्याकडे घरच्या मुलीला म्हणतात तसं. मीही तिला बायच म्हणणार आहे.

मुलगी तोंड उघडत नव्हती. बाय तिच्या शेजारी बाकावर बसून राहिली. मध्ये एकदा तिने मुलीला उकडे तांदूळ आवडतात की नाही एवढंच विचारलं. दुपार व्हायला आली तेव्हा आमचा हवालदार वैतागला. बाई मदतीला आल्यात की बाक गरम करायला, असं तो मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

"बाक गरम करायचंच काम माझं, हवालदारसाहेब," बाय म्हणाली. "ती उठेपर्यंत मी उठत नाही."

मी बायला बाजूला घेऊन विचारलं, निदान तुला तरी कळलंय का काय घडलं ते. ती म्हणाली, नाही. तिने विचारलंच नव्हतं. त्यांच्या केंद्रात कुणीच विचारत नाही, असं तिने मला समजावून सांगितलं. त्या मुलीला हे पोलिसांना सांगायचंय, डॉक्टरांना सांगायचंय, दंडाधिकाऱ्यांना सांगायचंय, मग भर कोर्टात उलटतपासणीत सांगायचंय. त्या रांगेत आपण आणखी एक कशाला उभं राहायचं? तिला वाटलं तर ती सांगेल.

संध्याकाळी मुलगी बोलली. फिर्याद मी स्वतः लिहून घेतली. मुकादमाने गेटपास न्यायला म्हणून तिला आपल्या खोलीवर बोलावलं होतं. पुढचं इथे लिहायची गरज नाही. वैद्यकीय तपासणी झाली, पंचनामा झाला, मुकादम सापडला. मुलगी तापाने फणफणली होती म्हणून दंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबाची तारीख थोडी पुढची घेतली. खोल्यांवर तिला परत पाठवणं शक्यच नव्हतं. तिची मावशी लग्न होऊन पेडणे तालुक्यात कोरगावला आलेली. काजूची थोडी बाग, दोन गाई, घर साधं. तिथे तिला ठेवलं.

सगळं रीतसर चाललं होतं, तोच मुलीने बायचा फोन उचलणं बंद केलं.

आणि त्याच आठवड्यात खबर आली. डिचोलीच्या बसस्टँडवर मोटरसायकलने भाडं मारणारे पायलट असतात. त्यांतला एक माझ्या ओळखीचा. त्याने मला गाठलं. "म्याडम, एक व्हिडिओ फिरता खोल्यांनी. तुमच्या कानार घालतंय, माझां नाव घेव नकात."

व्हिडिओ मी पाहिला. लहानसाच होता. मुलीचा चेहरा स्पष्ट. मागून बाईचा आवाज विचारतो, त्याच्या खोलीवर तू आपल्याच पायांनी गेलीस ना? मुलगी म्हणते, होय, माझ्या पायानंच गेलते. बस. तिथेच कापलेला. खोल्याखोल्यांतून लोक तो बघून हसत होते. ठेकेदार तर उघड म्हणत होता, की केंद्रातल्या बाईने पढवलेली फिर्याद होती, आता पोरगी खरं बोलली.

इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. गेटपाससाठी दारापर्यंत चालत जाणं म्हणजे होकार नव्हे. हे शेंबड्या पोरालाही कळतं. ज्यांना कळत नाही त्यांना ते कळून घ्यायचं नसतं. पण मुलगी दंडाधिकाऱ्यांसमोर गेलीच नसती, तर तो कापलेला तुकडाच तिचा शेवटचा शब्द ठरला असता आणि मुकादम जामिनावर सुटून पुन्हा त्याच खोल्यांची राखण करायला आला असता. तारीख जवळ आली होती.

मी बायला घेऊन कोरगावला गेले. जीप बायने गावाबाहेर तिठ्यावरच थांबवायला लावली. आम्ही साध्या कपड्यांत चालत गेलो. मुलगी मागच्या पडवीत होती. बायला पाहताच तिने तोंड फिरवलं आणि जबाब द्यायला येणार नाही एवढंच भिंतीला सांगितलं.

मावशी मात्र बोलायला मोकळी होती. केंद्रातून बाई आली होती, असं ती म्हणाली. "गळ्यात कार्ड घालून इली. देवळाकडे उतारली नि अमकीचां घर खंय म्हणून चार घरांनी इचारल्यान. आता सगळो वाडो माका इचारता, तुझ्या भाचीक काय जाला?"

ती बाई काय म्हणाली, असं मी विचारलं. बायनेच पाठवलंय म्हणाली. केंद्राला सगळी हकिगत लागते, म्हणून तिने मोबाइल समोर ठेवून मुलीला बोलतं केलं होतं.

बायचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ती म्हणेल, मी नाही पाठवलं. ती तसं काही म्हणाली नाही. ती जाऊन मुलीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. शेवटी मुलीलाच राहवलं नाही. तिचा राग बाहेर पडला.

"एवडे दिवस तुमी कुणी एक शब्द इचारला न्हाई. मला वाटलं, माणसं बरी हायत. मग माणूस पाठवून कशाला इचारलासा? समोर बसून इचारायला तोंड नव्हतं?"

बाय म्हणाली, "आमच्यातलं कुणी विचारलं असतं, तर मी हे काम सोडलं असतं."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात काय जुळलं ते मी समोर बसून पाहिलं. चौकशीच्या खोलीत खोटं पकडलं जातं तेव्हा माणसाचा चेहरा बंद होतो. इथे उलटं झालं, तिचा चेहरा उघडला. "ती तुमची नव्हती," ती हळू म्हणाली. "आल्या आल्या म्हणाली, काय झालं ते पयल्यापासनं सांग. पाणीसुदिक पिली न्हाई."

मलाही मग दुसरी गोष्ट दिसली. केंद्रातली कार्यकर्ती गावात कधीही ओळखपत्र गळ्यात घालून फिरत नाही. ती बचत गटाची बाई होऊन जाते, शिवणकामाची चौकशी करायला जाते, लांबची वहिनी होते. घराचं नाव घेऊन वाड्यात विचारत नाही, कारण त्या एका विचारण्याने मुलीची अब्रू वेशीवर टांगली जाते. कार्ड गळ्यात मिरवत आलेल्या बाईला वाटलं होतं, मदत करणारी माणसं अशीच दिसत असणार. सरकारी जाहिरातींत दिसतात तशी.

परत आल्यावर मी व्हिडिओतला फक्त आवाज घेऊन पॅकिंगमधल्या बायांकडे गेले. ठेकेदाराची माणसं दूर ठेवली. आवाज ऐकून एकेकीने मान खाली घातली. आवाज ओळखीचा नाही म्हणाल्या. पण ज्याला खरंच ओळखू येत नाही तो माणूस पुन्हा ऐकवा म्हणतो. या बायांपैकी एकीनेही पुन्हा ऐकवायला सांगितलं नाही. शेवटी एक वयस्क बाई हात धुता धुता म्हणाली, रोज सकाळी आमची हजेरी पुकारती तीच की.

हजेरी घेणारी बाई कोल्हापूरकडची, चाळिशीची. तिला ठाण्यात बोलावलं. सुरुवातीला तिने सगळं नाकारलं. मी प्रश्न पुरा करायच्या आधीच तिचं उत्तर तयार असायचं. घाईची उत्तरं पाठ केलेली असतात. मी घाई करणं सोडून दिलं. कोरगावच्या देवळासमोर तुला चार घरांनी पाहिलंय, ओळख परेडला ते सगळे येतील, इतकंच सांगितलं आणि महिला कॉन्स्टेबलला चहा आणायला पाठवलं.

चहा आला तेव्हा ती रडत नव्हती. तिने सरळ सांगितलं. ठेकेदाराने सांगितलं होतं. कार्ड झेरॉक्सच्या दुकानात करून घेतलं. मावशीचं गाव ठेकेदाराला कामावर घेतानाच्या चौकशीतून माहीत होतं. पोरीचंच भलं होईल, समेट होईल, तिचं लग्न तरी होईल, असं त्याने तिला पटवलं होतं.

तुला पटलं, असं मी विचारलं.

ती कपाकडे बघत म्हणाली, "आमी न्हाई का गप बसलो?"

मी पेन खाली ठेवलं. त्या 'आमी'त कोण कोण आहे, ते तिने सांगितलं नाही. बाय तिला भेटायला आली. आपल्याच नावाने फसवणूक करणाऱ्या बाईशेजारी ती तशीच बसली, जशी त्या मुलीशेजारी बसली होती. हवालदार या वेळी काही बोलला नाही. पण हजेरीवालीने स्वतःवर काय गुदरलं त्याची फिर्याद दिली नाही. शेवटपर्यंत नाही. कायद्याच्या कागदावर ती आरोपीच राहिली, आणि मला तिला आरोपीच लिहावं लागलं.

तिच्या जबाबावरून ठेकेदाराला अटक झाली. साक्षीदाराला फसवणं, पीडितेची ओळख उघड करणं, अशी कलमं लागली. व्हिडिओ काढून टाकायला लावला. तरी तो कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये राहिला असेल ते देव जाणे. मुकादमाचा जामीन फेटाळला गेला. आणि ठरल्या तारखेला ती मुलगी दंडाधिकाऱ्यांसमोर गेली. बाय जिन्यापर्यंत सोबत होती.

एवढ्यावर संपलं असतं तर ही यशाची गोष्ट झाली असती. खटला उभा राहिला तेव्हा काय झालं, ते सांगितल्याशिवाय ही आठवण खोटी ठरेल.

बनावट कार्यकर्तीच्या प्रकारामुळे बाय साक्षीदार झाली. तिच्या नावाने कुणी गेलं, हे तिनेच कोर्टात सांगायचं होतं. मुकादमाच्या वकिलाने नेमकं हेच धरलं. साक्षीदाराने आपली साक्ष होण्याआधी दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते, हा साधा नियम. तेव्हा पीडितेची साक्ष चालू असताना बाय दालनात बसू शकत नाही, असं त्याने मांडलं. त्यात चूक काढता येत नव्हती. कोर्टाने ते मान्य केलं. म्हणजे ठेकेदाराने एक खोटी बाई पाठवली आणि तिच्यामुळे खरी बाहेर काढली गेली. तुरुंगात बसूनही त्याचं अर्धं काम झालं.

केंद्रातून दुसरी कुणी पाठवता येईल का, हे सरकारी वकिलांनी मुलीला विचारलं. ती नको म्हणाली. आधाराचं माणूस देणं म्हणजे रिकाम्या जागेवर बदली कर्मचारी बसवणं नव्हे, हे आमच्या व्यवस्थेला अजून उमगलेलं नाही. केंद्रातल्या या कार्यकर्त्या मुदतीच्या नेमणुकांवर राबतात. कुणाच्या शेजारी नुसतं बसून राहणं हे कुठल्या पदाच्या कामात मोडतं, असं विचारणारे साहेब मी पाहिले आहेत. आम्ही पोलीस आरोपी पकडतो, छायाचित्रं छापून येतात. पण फिर्यादी टिकली तर खटला टिकतो, आणि फिर्यादीला टिकवणाऱ्या बायांचा आरोपपत्रात कुठे उल्लेखही नसतो.

साक्षीच्या दिवशी तपासी अधिकारी म्हणून मीही साक्षीदारच होते. त्यामुळे बाय आणि मी दालनाबाहेरच्या बाकावर होतो. दार बंद. आतलं काही ऐकू येत नव्हतं. बायने ओढणीचं टोक हातात पिळून धरलं होतं.

आत काय झालं ते सरकारी वकिलांनी मला नंतर सांगितलं. साक्ष सुरू होण्याआधी न्यायाधीशांनी मुलीला विचारलं होतं, तुमच्याबरोबर आधाराला कुणी आहे का?

"हाय," ती म्हणाली. "भाईर बसीवलंय."

आणि मग तिने सगळं सांगितलं.

मुकादमाला शिक्षा झाली. ठेकेदाराचा खटला मी निवृत्त होईपर्यंत संपला नव्हता. या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपासाबद्दल फार काही नाही. तपास आम्हाला येतो. शिकले ते इतकंच, की आमचं खातं, आमची कोर्टं आणि आमची गावं एका मुलीला बोलतं करायला जेवढी धडपड करतात, त्याच्या निम्मी धडपड जरी तिच्या शेजारची जागा राखायला केली, तर अनेकजणी बोलतील. हजेरी घेणारी ती बाईसुद्धा.