शांतलिंग मिस्त्रीचं हलकं छत

परंड्यात मातीचं माळवद म्हणजे डोक्यावरची दुसरी जमीनच. तिच्यावर गवत उगवतं आणि एखादी कर्तबगार शेळी तिथवर पोचते. या जमिनीखालून गावाला सोडवायचं शांतलिंग गवंड्यानं मनावर घेतलं. साल अठ्ठावन्न. कुर्डुवाडीला रेल्वे इंजिनांची राख ढिगानं पडायची. त्यातले जाळीदार खडे चाळून, चुन्यात कालवून तो छत घालायचा. वजन निम्मं. अट एकच: खडे एक पावसाळा उघड्यावर भिजले पाहिजेत, नाहीतर चुन्यात फुगतात. ही अट तो न विचारणाऱ्यालाही ऐकवायचा.

पेन्शनर दत्तोपंतांच्या लेकीचं लग्न मात्र वैशाखात होतं, आणि छत त्याआधी हवं होतं. मिस्त्रीनं ताजेच खडे वापरले.

छत थापीनं ठोकून घट्ट करणाऱ्या बायकांची मुकादम म्हाळसाबाई. तिसऱ्या दिवशी तिनं हात थांबवला.

"मिस्त्री, हे बद्द वाजतंय. खडे कवा भिजवले?"

"तुमी थापा मारा, बाई. इंजिनेर पुढल्या जन्मी व्हा."

बाकीच्या हसल्या. श्रावणात छत फुगलं, तडकलं आणि थेट देवघरात गळू लागलं.

"बायकांनी थापा चोरल्या," दत्तोपंत म्हणाले.

शांतलिंग समोरच होता. एरवी बोलका माणूस. त्या दिवशी त्यानं फक्त होकारार्थी मान डोलावली. तेवढं पुरलं. म्हाळसाबाईच्या टोळीला गावात कुणी बोलवेना. ती खुरपणीला जाऊ लागली. वाट मिस्त्रीच्या दारावरून.

"ती बाई दिसली की न्हाणीत का शिरता हो?" बायकोनं, चन्नम्मानं विचारलं. सकाळी कपाळाला भस्म लावताना मिस्त्रीचा हात थबकू लागला. वास्तविक राखेचा काही दोष नव्हता.

कार्तिकात तो दत्तोपंतांच्या ओसरीवर गेला. चारचौघे बसले होते. "थापा पुऱ्या होत्या," तो म्हणाला. "खडे म्या भिजवले नव्हते."

दत्तोपंतांनी आत चहा सांगितला. "पाहा मंडळी! गरीब बायांसाठी दोष स्वतःवर घेतोय. असं मोठं मन लागतं."

शांतलिंगानं दोनदा नाही म्हटलं. त्यामुळे मन आणखीच मोठं ठरलं. चहा प्यावा लागला.

तिथून तो थेट ज्वारीच्या रानात गेला.

"मला कशाला सांगता? मला ठावंच हाय," म्हाळसाबाई म्हणाली. "गावाला सांगा."

"सांगितलं."

"मग?"

त्यानं ओसरीवरचं सगळं सांगितलं, चहासकट.

"म्हंजी तुमची इज्जत वाढली, आन् आमी चोर त्या चोरच," असं म्हणून ती खुरपं घेऊन ज्वारीच्या पुढच्या ओळीला लागली. शांतलिंग बांधावरच उभा राहिला. बसावं की जावं, हेही त्याला कुणी सांगेना.